काळजाचा फोटो

केरीच्या धक्क्यावर फेरीबोट पकडायची, खाडी ओलांडायची आणि पलीकडे उतरून चढाने वर शाळेत जायचं, हे मी नऊ वर्षं करत होते. दम असा कधी लागला नव्हता. त्या वर्षी दिवाळीनंतर मी चढावर एकदा थांबायला लागले. नाताळापर्यंत तीनदा. मुलांना वाटायचं, बाई खाडी बघत उभ्या राहतात. मीही त्यांना तसंच वाटू दिलं.

मार्चमध्ये एका सकाळी फेरीतून उतरले, दहा पावलं चालले आणि डोळ्यांपुढे काळोख आला. मी रस्त्याकडेच्या दगडावर बसले. छातीवर कुणीतरी पाटा ठेवल्यासारखं झालं होतं. फेरीवरच्या माणसाने पाणी आणून दिलं आणि घरी पोचवायचं का म्हणून विचारलं, "बाई, घरा पावोवं?" मी म्हटलं, "ना, इस्कोल आसा." आणि मी गेले. त्या दिवशी पहिलीला बेरजा आणि चौथीला कविता शिकवली, हे मला स्वच्छ आठवतं, कारण कविता म्हणताना दोन ओळींच्या मध्ये श्वास घ्यावा लागत होता.

पण फेरीवर आमच्या पेडण्याची दोन माणसं होती. संध्याकाळी मी घरी पोचायच्या आत बातमी पोचली होती.

माझे यजमान पेडण्यात सरकारी कचेरीत कारकून. स्वभावाने मऊ. त्यांनी दुसऱ्याच दिवशी मला गावातल्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी हृदयाचा आलेख काढला, कागद उजेडात धरून दोनदा बघितला आणि म्हणाले, "लेफ्ट बंडल ब्रँच ब्लॉक." मग आमची तोंडं बघून समजावलं, की हृदयाला विजेचं काम करणारी एक वायर असते, तिच्या डाव्या फांदीतून करंट नीट जात नाही. रक्ताची नळी वेगळी आणि ही वायर वेगळी. मला समजलं. पण घरी, शेजारी, बाजारात जे पसरलं ते एवढंच, की बाईंच्या काळजात ब्लॉक आहे.

तिथून आम्हांला म्हापशाला मोठ्या डॉक्टरांकडे पाठवलं. त्यांच्याकडे चालता पट्टा होता. मी साडीचा ओचा खोचून त्यावर चढले. चार मिनिटं झाली नसतील, पायातलं बळ गेलं आणि मी हाताने थांबवा म्हटलं. डॉक्टरांनी कागद फाडून घेतला, माझ्याकडे न बघता यजमानांना सांगितलं, "टेस्ट पॉझिटिव्ह आहे. अँजिओग्राफी करून घ्या. बायपास लागेल असं समजून चाला. तोपर्यंत चढणं, उतरणं, शाळा, सगळं बंद."

मी तिथेच बसले होते, छातीला चिकटवलेल्या वायरी काढत. मी विचारलं, "शाळा किती दिवस बंद?"

त्यांनी त्याचंही उत्तर यजमानांनाच दिलं. "नोकरी सोडलेली बरी."

तेव्हा मी चव्वेचाळीस वर्षांची होते.

शाळेत अकरा मुलं होती आणि शिक्षक मी एकटी. मी रजा टाकली तर बदली माणूस मिळणार नाही, हे भागशिक्षणाधिकाऱ्यांनी मला आधीच सांगितलेलं. त्या चढावर यायला कुणी तयार नव्हतं. मग मुलांची नावं अलीकडच्या शाळेत घालायची आणि ती शाळा बंद करायची, असा त्यांचा विचार होता. म्हणजे सहा वर्षांच्या पोरींनी रोज दोनदा फेरीतून खाडी ओलांडायची, पावसाळ्यातसुद्धा. मी एप्रिलच्या अखेरपर्यंत शाळा चालवली. घरी भांडून चालवली. चढावर आता पाचदा थांबत होते.

मे महिन्याची सुट्टी लागली आणि तिसऱ्या रविवारी थोरले दीर डिचोलीहून आले.

ते तिथे खाणीच्या ऑफिसात होते. घरातलं मोठं काही ठरवायचं असलं की ते यायचे, मोटारसायकलवरची तांबडी धूळ झटकून सोप्यावर बसायचे आणि ठरवून जायचे. जुन्या रीतीप्रमाणे ते माझ्याशी थेट बोलत नसत. मी समोर असले तरी भावाकडे बघून बोलायचे. त्या दिवशीही मी चहा ठेवला आणि खांबाला टेकून उभी राहिले, तेव्हा ते यजमानांना म्हणाले, "तिका सांग, इस्कोल पुरो जालें. अर्ज बरोव. हांवें उतर घातलां, जून म्हयन्यांत काम जातलें."

शाळा पुरे, राजीनाम्याचा अर्ज लिही, मी वर शब्द टाकलाय, जूनमध्ये काम होईल. सोळा वर्षांची माझी नोकरी त्यांनी चहाचे दोन घोट घेता घेता संपवली होती.

त्यांची भीती खोटी नव्हती, हे मी आज लिहिते. माझे सासरे काजूच्या बागेत काम करता करता पडले आणि पुन्हा उठले नाहीत. त्यांना खांद्यावर घालून घरी आणणारे हे थोरले दीरच होते, तेव्हा विशीतले. छाती, दम, काळीज हे शब्द ऐकले की त्यांना तीच बाग दिसत असणार. पण त्यांच्या भीतीपायी मी घरात बसावं, हे मला मान्य नव्हतं.

मी म्हटलं, "दादा, म्हाका सांगपाचें आसल्यार म्हजेकडेन उलयात."

मला सांगायचं असेल तर माझ्याशी बोला. लग्नाला वीस वर्षं झाली होती आणि मी त्यांना पहिल्यांदाच असं तोंडावर बोलत होते. यजमानांनी माझ्याकडे बघून मान हलवली, नको नको म्हणून. दिरांनी कप खाली ठेवला. मग खरंच माझ्याकडे बघून विचारलं, "तर मग तुझें म्हणणें कितें?"

माझं म्हणणं काय होतं, ते सांगण्यासाठी आठवडाभर मागे जायला हवं.

म्हापशाच्या त्या दवाखान्यात मोठ्या डॉक्टरांच्या हाताखाली एक तरुण डॉक्टरीण होती. मी औषधांची चिठ्ठी घ्यायला एकटी गेले होते तेव्हा तीच बसली होती. माझा आलेख परत चाळत ती म्हणाली, "तुम्हांला हा ब्लॉक आहे ना, त्यामुळे पट्ट्यावरची टेस्ट तुमच्या बाबतीत काहीच सांगत नाही. हा आलेख पळताना बिघडणारच. त्यावरून नळ्या बंद आहेत असं म्हणता येत नाही."

"मग कशावरून म्हणता येतं?"

तिने दाराकडे एकदा बघितलं. मग एका कोऱ्या कागदावर हृदयाचं चित्र काढलं. मुंबईत एक तपासणी होते, म्हणाली. थॅलियम नावाचं किरणोत्सारी औषध अगदी थोडं शिरेतून देतात. रक्त जिथे जाईल तिथे ते जातं. हृदयाच्या ज्या भागाला रक्त पुरेसं मिळतं, तिथे ते भरपूर साठतं; ज्याला कमी मिळतं, तिथे कमी. मग एक कॅमेरा बाहेरून त्याचे फोटो घेतो. चाकू नाही, नळी नाही. हृदयावर ताण आणून एकदा बघतात आणि विश्रांतीनंतर परत एकदा.

"आणि फोटो चांगले आले तर?"

"तर बायपासची गोष्टच नाही. वाईट आले तर मात्र अँजिओग्राफी करावी लागेल, आणि तेव्हा तुम्ही नाही म्हणायचं नाही."

मी कबूल केलं. तिने चिठ्ठी लिहून दिली आणि खाली लाल शाईने एक ओळ लिहिली. ती ओळ बोटाने दाखवत म्हणाली, "हे नीट लक्षात ठेवा. तुम्हांला धावायला लावू नका, औषधाने ताण द्या, असं मी लिहिलंय. तुमच्या ब्लॉकमध्ये धावून फोटो काढला, तर मधल्या पडद्याला रक्त कमी पडतंय असं खोटंच दिसतं. तिथे घाईत कुणी विसरलं, तर तुम्ही सांगायचं."

ही चिठ्ठी मी दिरांपुढे ठेवली. म्हटलं, "ही तपासणी करून काळीज नासलेलं निघालं, तर मी स्वतः अर्ज लिहीन. पण आधी नाही."

चिठ्ठीतला 'किरणोत्सारी' शब्द त्यांनी मोठ्याने वाचला आणि घरात दुसराच गोंधळ झाला. त्याच महिन्यात राजस्थानात अणुस्फोट झाले होते. दूरदर्शनवर दिवसभर तेच चाललेलं. यजमान म्हणाले, "अगो, तें बाँबांतलें कितें तरी तुज्या आंगांत घालतले!" दिरांनी, खाणीवर एका मशीनमध्ये असला पदार्थ असतो आणि त्याच्या जवळ कुणाला उभं राहू देत नाहीत, हे सांगितलं. यजमानांनी विचारलं, केस गळतात का. मी विज्ञान शिकवत होते ते चौथीपर्यंतचं. माझ्याजवळ डॉक्टरणीने दिलेलं एकच उत्तर होतं, की मात्रा थोडी असते आणि शरीरातून निघून जाते. ते मी तीनदा दिलं.

सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात बसून कोकमं फोडत होत्या. त्यांनी हात पदराला पुसले आणि तुला जायचंय ना, असं मला विचारलं, "तुका वचपाचें आसा मगे?"

"आसा."

"मागीर वच. घरचें हांव पळयतां." मग जा, घर मी सांभाळते, एवढं मला सांगून मोठ्या मुलाकडे वळून म्हणाल्या, "बापायक पळोवपाक तेन्ना कोण नासलो. हिका तरी पळोवंदी."

तुझ्या बापाला तपासायला तेव्हा कुणी नव्हतं, हिला तरी तपासू दे. दीर उठले आणि चप्पल घालून अंगणात गेले. बराच वेळ मोटारसायकलपाशी पाठमोरे उभे होते. जाताना यजमानांना एवढंच म्हणाले, "म्हाका फोन कर." ते मला उद्देशून नव्हतं, तरी होकारच होता.

नवी रेल्वे त्याच वर्षी पूर्ण सुरू झाली होती. दिवसाच्या गाडीने आम्ही दोघं मुंबईला गेलो आणि गिरगावात माझ्या मावसबहिणीकडे उतरलो. तपासणीच्या आदल्या दिवशी सकाळपासून चहा-कॉफी बंद, कारण त्याने ते ताणाचं औषध लागू पडत नाही. मला चहाशिवाय डोकं धरतं. मावसबहीण म्हणाली, अर्धा कप घे, कुणाला कळणार आहे. मी घेतला नाही. एवढं भांडून इथवर आले होते, अर्ध्या कपासाठी फोटो बिघडवायला नव्हे.

हॉस्पिटलात तो विभाग तळघरात होता. दारावर पिवळ्या पाटीत काळ्या रंगाची तीन पात्यांची खूण होती. ती बघून यजमान जागच्या जागी थांबले. बाहेर बाकांवर माझ्यासारखेच सात-आठ जण उपाशी बसलेले. त्यांतल्या एका वयस्क गृहस्थांनी सांगितलं, की हे औषध ठरावीक दिवशीच येतं आणि पडून राहिलं की आपोआप निकामी होत जातं, म्हणून इथे कुणी उशीर केलेला चालत नाही.

खिडकीवरच्या क्लार्कने फॉर्म पुढे केला. धोके समजले आहेत, तपासणीला हरकत नाही, वगैरे इंग्रजीत. मी सगळा वाचला. मागची माणसं चुळबुळ करायला लागली, तरी पूर्ण वाचला. मग खाली सही केली. क्लार्क म्हणाला, "मिस्टरांची सही घ्या."

"कशाला?"

"लेडीज पेशंटला घेतो आम्ही. नवरा किंवा वडील."

"सुई माझ्या हाताला टोचणार ना? मग सही माझी पुरे."

"बाई, नियम आहे."

"कुठे लिहिलाय ते दाखवा. या कागदावर पेशंटची सही एवढंच आहे, मी आत्ताच वाचलाय."

त्याने यजमानांकडे बघितलं. माझे यजमान आयुष्यभर सह्या आणि शिक्के यांच्यातच वावरलेले. मला वाटलं, हे आता पेन काढणार. ते शांतपणे म्हणाले, "तिची सही आहे ना, ती चालेल." क्लार्कने फॉर्म ओढून घेतला. आमच्या वीस वर्षांत मी यजमानांवर इतकी कधी खूश झाले नव्हते.

आत एका तरुण तंत्रज्ञाने माझ्या हाताच्या मागच्या बाजूला सुई बसवली, छातीला वायरी लावल्या आणि समोरच्या पट्ट्याकडे बोट केलं. "चला, वर उभ्या राहा. साडी थोडी वर घ्या."

मी जागची हलले नाही. "मला धावायचं नाही. औषधाने करायचं आहे. चिठ्ठीत लिहिलंय."

"दम लागेल म्हणून घाबरू नका, आम्ही आहोत इथे."

"मी घाबरत नाही. मला डावा ब्लॉक आहे. धावून काढलेला फोटो माझ्यासाठी खोटा येतो."

तो हसला. वाईट हसला नाही, पण गावातली बाई ऐकीव काहीतरी बोलते आहे, असं त्याच्या चेहऱ्यावर होतं. "मॅडम, इथे रोज हेच करतो आम्ही. सगळ्यांना पट्टाच."

"सगळ्यांना ब्लॉक नसेल. तुम्ही डॉक्टरांना बोलवा. तोवर मी पट्ट्यावर चढणार नाही."

"मागे लाइन आहे."

"असू दे. मी खूप लांबून आलेय."

माझा आवाज वर्गात जातो तसा त्या खोलीत गेला असणार, कारण पलीकडून डॉक्टर स्वतःच आले. पिकलेल्या केसांचे, चष्मा कपाळावर ढकललेला. त्यांनी चिठ्ठी घेतली, लाल ओळ वाचली, मग माझा आलेख. तंत्रज्ञाला म्हणाले, "बाई बरोबर सांगतायत. पंप लाव." मग माझ्याकडे वळले. "कुणी शिकवलं हे?"

"म्हापशाच्या डॉक्टरीणबाईंनी."

"त्यांना माझा नमस्कार सांगा."

मला टेबलावर निजवलं. दमा आहे का, हे डॉक्टरांनी दोनदा विचारून घेतलं. म्हणाले, काही मिनिटं फार विचित्र वाटेल, पण औषध थांबवलं की लगेच थांबेल. ते औषध शिरेतून जायला लागलं आणि अर्ध्या मिनिटात माझा चेहरा तापला, कान तापले, घसा आवळला. मग छातीवर तोच पाटा. चढावरचा, दगडावर बसले होते त्या सकाळचा. फरक इतकाच, की इथे मी पडून होते आणि पळत काहीच नव्हतं, तरी आतला घोडा उधळला होता. डॉक्टर विचारत होते, "सहन होतंय? थांबवू?"

मी मानेने नाही म्हटलं. त्या वेळी मला देव आठवला नाही, मुलं-घर काही आठवलं नाही. 'नोकरी सोडलेली बरी' एवढं एकच वाक्य डोक्यात होतं, आणि त्याचा इतका राग आला होता, की त्या रागावरच मी ती मिनिटं काढली.

मध्येच तंत्रज्ञाने शिशाच्या जाड डब्यातून छोटी सिरिंज काढली. त्याच्या खिशाला किरणं मोजायचा बिल्ला लावलेला होता. तो झटपट आला, थॅलियम दिलं, झटपट मागे सरला. मला काहीच जाणवलं नाही, थंड नाही की गरम नाही. ज्याच्यावरून आमच्या सोप्यावर एवढी चर्चा झाली, ते औषध असं मुकाट आत गेलं. थोड्याच वेळात पंप बंद झाला आणि छातीवरचा पाटा कुणीतरी उचलून नेल्यासारखा गेला.

मग कॅमेरा. दोन्ही हात डोक्यामागे घेऊन अरुंद फळीवर पडून राहायचं. एक मोठं चौकोनी डोकं छातीच्या अगदी जवळ येऊन थांबायचं, मग थोडं सरकायचं, परत थांबायचं. वीस मिनिटं हलायचं नाही, खोकायचं नाही. खांदे बधिर झाले. नंतर बाहेर जाऊन बसायचं आणि तीन-चार तासांनी पुन्हा तेच फोटो, या वेळी विश्रांतीतल्या हृदयाचे. मधल्या वेळात यजमान माझ्यापासून हातभर अंतर ठेवून बसले होते. मी विचारलं, "किरणं लागतील म्हणून?" ते ओशाळले आणि सरकून जवळ बसले.

संध्याकाळी डॉक्टरांनी आम्हांला पडद्यासमोर बोलावलं. तसं ते सहसा बोलावत नसावेत, कारण तंत्रज्ञाने खुर्ची शोधून आणली. पडद्यावर हृदयाच्या चकत्या होत्या, गोल गोल, मध्ये भोक, कडेने नारिंगी-पिवळा रंग. आमचा पोदेर सकाळी पावाबरोबर कांकणं विकायला आणतो, कडक, बांगडीसारखी गोल; अगदी तशी. वरच्या ओळीत ताणातली, खालच्या ओळीत विश्रांतीतली.

"कुठे तुटलेलं दिसतंय?" त्यांनी विचारलं.

मी एकेक कांकण बघितलं. "नाही."

"मलाही नाही. रक्तपुरवठा सगळीकडे नीट आहे. हृदयाचा आकारही ठीक आहे. त्या वायरीचा दोष आहे तो राहील, त्याच्यावर लक्ष ठेवायचं. पण बायपास कशाची करणार? बंद काही नाहीच."

यजमानांनी तिथल्या तिथे डोळे पुसले. मी नाही. मला आनंद झाला, पण त्याच्या मागोमाग प्रश्न आला, की मग मी चढावर का बसते?

तो प्रश्न घेऊन मी म्हापशाला गेले. डॉक्टरीण रिपोर्ट वाचून खुर्चीतून उठलीच. नमस्कार पोचवला तेव्हा लाजली. मग मी म्हटलं, "काळीज चांगलं आहे, तर दम कुठून येतो?" ती पुढे झाली आणि अंगठ्याने माझी खालची पापणी ओढली.

"पाळीत किती जातं?" तिने विचारलं.

यजमान शेजारी होते. मी इतकी तोंडाळ बाई, दिरांशी भांडले, क्लार्कशी भांडले, पण या प्रश्नावर मान खाली घातली. दोन वर्षं झाली होती. महिन्यातले आठ-आठ, दहा-दहा दिवस. शाळेत शबनम पिशवीत जुन्या साडीचे तुकडे न्यायचे, फेरीत बाकावर न बसता उभं राहायचं. हे मी आईला, बहिणीला, कुणालाच सांगितलं नव्हतं. या वयात असंच असतं, असं स्वतःलाच सांगून गप्प बसले होते.

मी मान वर केली आणि यजमानांसमोरच सगळं सांगितलं. ते उठून बाहेर जातील असं वाटलं होतं. ते बसून राहिले.

रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन सात. डॉक्टरीण म्हणाली, "एवढ्या रक्तावर तुम्ही तो चढ चढत होतात?" मग रिपोर्ट बाजूला ठेवून, "पहिल्याच दिवशी आम्ही हे बघायला हवं होतं. मीही मशीनकडेच बघत बसले." डॉक्टरच्या तोंडून असं ऐकायची मला सवय नव्हती. गर्भाशयात गाठ निघाली, साधी. लोहाची इंजेक्शनं सुरू झाली आणि ऑपरेशन दिवाळीच्या सुट्टीत करायचं ठरलं.

दिरांना मी स्वतः फोन केला. सगळं ऐकून ते म्हणाले, "म्हणजे काळजाक कांय ना? मागीर मुंबय मेरेन कित्याक गेलीं?"

"दादा, कांय ना हें कळपाक."

काही नाही हे कळायलाच तर मुंबईपर्यंत गेलो होतो. मग दीर म्हणाले, "बरें जालें." ते मला म्हणाले, भावाला नाही. त्यानंतर ते माझ्याशी थेटच बोलत आले.

जूनमध्ये शाळा उघडायच्या आधी मी पेडण्याला भागशिक्षणाधिकाऱ्यांच्या टेबलासमोर उभी राहिले. डॉक्टरणीचं प्रमाणपत्र आणि मुंबईचा रिपोर्ट पुढे ठेवला. त्यांनी रंगीत फोटो उलटसुलट करून बघितले. "बाई, शाळा बंद करायचा प्रस्ताव मी तयार ठेवलाय. तुमच्याच भल्यासाठी. उद्या तिथे तुम्हांला काही झालं तर जबाबदार कोण?"

"मी."

"तसं चालत नाही."

"मग मी काम करायला लायक नाही, असं तुम्ही लेखी द्या. कोणत्या डॉक्टरच्या सल्ल्याने, तेही लिहा. नाही देत, तर सोमवारी मी शाळा उघडते. मुलांच्या पुस्तकांची पेटी कुठे आहे?"

त्यांनी बराच वेळ पेपरवेट फिरवला. आमच्याकडे तेव्हा कोकणी की मराठी यावरून माणसं एकमेकांची तोंडं बघेनाशी झाली होती. या गृहस्थांचा आणि माझा पक्षही वेगळा होता, आणि मला बघितलं की त्यांना तो वादच आठवायचा. पण अकरा मुलांनी खाडी ओलांडावी, हे लेखी द्यायला कुठल्याच भाषेत त्यांचा हात धजेना. शिपायाला हाक मारून ते म्हणाले, "बाईंना पेटी दाखव."

पहिले दोन महिने मी चढावर थांबतच गेले. आता मात्र मुलांना खरं सांगायचे, की मला रक्त कमी आहे आणि औषध चालू आहे. गणपतीपर्यंत थांबणं एकावर आलं. दिवाळीत ऑपरेशन झालं, महिनाभर रजा घेतली, आणि तेवढ्यासाठी अधिकाऱ्यांनी बदली शिक्षक पाठवला. मिळत नव्हता, तो मिळाला. नव्या वर्षात मी एका दमात वर गेले.

पुढे आठ वर्षं मी ती शाळा चालवली. अकराची पंधरा झाली, मग नऊ, मग पाच. तरुण माणसं कामासाठी म्हापसा, पणजी, मुंबई, आखातात गेली आणि मुलं बरोबर नेली. शेवटच्या वर्षी दोनच मुली होत्या, सख्ख्या बहिणी. त्यांचे आईवडील पेडण्याला राहायला आले तेव्हा मी हजेरीपट बांधून कचेरीत नेऊन दिला आणि दुसऱ्या शाळेत रुजू झाले. शाळा बंद झाली ती मुलं उरली नाहीत म्हणून. माझ्या काळजाचं नाव त्यात कुणाला घालता आलं नाही.